प्रश्न नीट वाचा

"बाई, सध्या काय चाललंय?" जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की विचारतात. मी २००९ साली निवृत्त झाले, त्यामुळे बाई आता नातवंडं, देवदर्शन किंवा गुडघे यांपैकी काहीतरी सांगणार अशी त्यांची तयारी असते. परवा एकाला मी म्हटलं, "पॅनेल खालून वर नेलं रे, आता छान दिसतंय." तो गंभीर झाला. त्याला वाटलं, बाई सोसायटीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या!

तर मंडळी, हे पॅनेल ते नव्हे. हे म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरची घड्याळ, मेन्यू वगैरेंची पट्टी. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्याचा पडदा आपल्या मनासारखा लावत बसणं हा माझा छंद आहे. कुणी अंगणात रांगोळी काढतं, कुणी बागेत कुंड्या इकडच्या तिकडे करतं, तसंच हे.

सुरुवात झाली गरजेपोटी. आमचा लॅपटॉप २०१३ सालचा. त्यावर विंडोज ७ होतं आणि जानेवारी २०२०मध्ये त्याचे अपडेट येणं बंद झालं. मुलगा म्हणाला, नवा घेऊन टाकू. दिवाळीला भाचा आला, त्यानं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "आत्या, मशीन ठणठणीत आहे गं, फक्त अंगावरचं ओझं उतरवायला हवं." त्यानं पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट घातलं, त्यातही एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप. या एक्सएफसीईचं चिन्ह चक्क उंदीर आहे, आणि मेन्यूचं नाव व्हिस्कर, म्हणजे उंदराच्या मिशा. आमच्या घरात कौतुकानं पाळलेला हा पहिलाच उंदीर!

माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. अक्षरं दिसायची पण बारीक, आणि माउसचा बाण तर सारखा हरवायचा. भाचा गेल्यावर मी सेटिंग्जमध्ये शिरले. 'अपिअरन्स'मध्ये फाँटचं पान असतं, तिथे डीपीआय नावाचा आकडा ९६ होता, तो १२० केला. सगळीकडची अक्षरं एकदम धष्टपुष्ट झाली. माउसच्या सेटिंगमध्ये बाणाचा आकार वाढवता येतो, तोही वाढवला. एकदा चुकून ऑल्टचं बटण दाबलेलं असताना माउसचं चाक फिरलं आणि अख्खा पडदा फुगत फुगत गेला. मला वाटलं, संपलं! मेलं बिघडलं! दोन तास बंद करून ठेवला. नंतर कळलं की ती सोयच आहे, चाक उलटं फिरवलं की पडदा जागेवर येतो. आता औषधाच्या बाटलीवरचं बारीक लिखाण वाचायचं असलं तरी मी त्याचा फोटो काढून लॅपटॉपवर घेते आणि ऑल्ट दाबून चाक फिरवते.

मग हौस वाढली. मी मराठीची शिक्षिका. पडद्यावर मराठी लिहिताना हिंदी वळणाचे ल आणि श दिसले की मला खडे लागल्यासारखं व्हायचं. मी निवृत्त झाले त्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ला, महाराष्ट्र शासनानं निर्णय काढून पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपं म्हणून ठरवून दिली. आयुष्यभर फळ्यावर तेच गिरवलेलं, मग पडद्यावर का नको? शोधता शोधता कळलं की लोहित देवनागरीसारख्या काही फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात. लिब्रे ऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की ल आणि श आपोआप आपल्या वळणाचे होतात. ज्या दिवशी ते झाले त्या दिवशी मी ह्यांना स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं. ह्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

टायपिंगसाठी मी इनस्क्रिप्ट शिकले. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, एवढं कळलं की पंधरा दिवसांत बोटं बसतात. एक गंमत सांगते. 'सासऱ्यांना' हा शब्द बरेच जण 'सासर्यांना' असा टंकतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून र चं बटण दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त आणि य. झाला आपला ऱ्य! आणि हो, भाषा बदलायचं बटण सेटिंग्जमध्ये आपल्याला हवं ते नेमता येतं.

पुढे पुढे मात्र छंदाचं व्यसन झालं. सोमवारी वॉलपेपर, मंगळवारी आयकॉन, बुधवारी खिडक्यांच्या कडांचा रंग. हे एकदा म्हणाले, "रोज घर रंगवतेस, राहायला कधी जाणार?" मी लक्ष दिलं नाही.

खरं तर राहायला गेलेच होते. २०२० आणि २१ सालच्या त्या घरकोंडीच्या दुपारी मी वाईला माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, फोन लावायची. आमची आई जात्यावर ओव्या म्हणायची. मी शेंडेफळ, मला त्यातल्या फारशा आठवत नाहीत. अक्का आईबरोबर दळायला बसलेली, तिच्या तोंडात सगळ्या होत्या. ती सांगायची आणि मी टंकायची. वहीत न लिहिता थेट लॅपटॉपवर! त्याचंही स्वतःला कौतुक होतं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ते वाचल्यापासून मला वाटायचं, आपल्या आईच्या शंभरेक तरी आपण जमवाव्यात. दोन वर्षांत १४३ झाल्या. पाकळीयुक्त ल मध्ये, देठयुक्त श मध्ये.

२०२३च्या श्रावणातली गोष्ट. मला एक नको असलेला प्रोग्रॅम काढायचा होता. कुठेतरी वाचून टर्मिनल उघडलं, आज्ञा उतरवली, पासवर्ड दिला. त्यानं एक लांबलचक यादी दाखवली आणि विचारलं, पुढे जाऊ का? मी वाय दाबलं.

मंडळी, ती यादी होती त्या प्रोग्रॅमबरोबर आणखी काय काय निघून जाणार त्याची. त्यात माझा डेस्कटॉपही होता. चौतीस वर्षं वर्गात दर परीक्षेला ओरडून सांगितलं, "आधी प्रश्न नीट वाचा, मग लिहा." आणि बाईंनी स्वतः प्रश्न वाचलाच नाही.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर काळा पडदा. भाच्याला फोन करायचा सोडून मला अभिमान आडवा आला. म्हटलं, त्याचा पेन ड्राइव्ह आहेच, आपणच पुन्हा घालू. टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम रोज कॉम्प्युटरची प्रत ठेवत होता, हे मला ठाऊक होतं. त्याच्या भरवशावर निर्धास्त होते. मिंट घालताना त्यानं विचारलं, डिस्क पुसून घालू का? पुन्हा होय.

तासाभरात नवं कोरं मिंट आलं. मग टाइमशिफ्ट उघडलं. रिकामं. रात्री भाच्याला फोन केला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, "आत्या, त्या प्रती त्याच डिस्कवर होत्या ना गं?" म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. आणि तेवढंच नाही. टाइमशिफ्ट यंत्रणेच्या फाइली सांभाळतं. आपण लिहिलेलं, आपले फोटो, हे मुद्दाम सांगितल्याशिवाय ते घेतच नाही. म्हणजे प्रत दुसरीकडे असती तरी तीत ओव्या नव्हत्याच.

अक्काला सांगायचं धाडस व्हायला आठ दिवस लागले. फोनवर जमेना, एसटीनं वाईला गेले. ती म्हणाली, "दोन वर्षं मी घसा कोरडा केला आणि तू पुसून टाकल्यास?" आणि चहा होईपर्यंत बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी बसलो. तोपर्यंत तिची आठवण पातळ झाली होती. पहिला चरण यायचा, पुढचं निसटायचं. मग सूनबाईनं माळ्यावरून जातं खाली काढलं आणि मूठभर जोंधळे टाकले. अक्कानं खुंटा धरला, दोन फेरे झाले आणि ओवी आली. मग दुसरी. बसून सांगायला सांगितलं की अडायची, हात फिरायला लागला की यायची. दोन दिवसांत ५८ मिळाल्या. त्यातल्या बारा तर तिनं आधी सांगितल्याच नव्हत्या. आधीच्या ३७ मी कधीतरी भाचीला ईमेलनं पाठवल्या होत्या, त्या वाचल्या. बाकीच्या गेल्या.

गेलेल्यांत एक माझ्या नावाची होती. आई ओवीत प्रत्येक लेकराचं नाव गुंफायची. अक्काच्या नावाची आहे, भावाची आहे. माझ्या ओवीत माझं नाव दुसऱ्या चरणात यायचं, एवढंच मला आठवतं. अक्काला तेवढंही नाही. मी स्वतः टंकलेली ओवी, आणि तेव्हा मी बहुधा अक्षराचं वळण बघत होते, शब्द नाही.

परत आल्यावर सहा महिने मी वॉलपेपरला हात लावला नाही. मग वाटलं, हौसेचा काय दोष? त्या हौसेनंच तर मला टेबलापाशी बसवलं, इनस्क्रिप्ट शिकवलं. पडदा नटवल्यामुळे ओव्या गेल्या नाहीत, न वाचता होय म्हटल्यामुळे गेल्या. तेव्हा छंद पुन्हा सुरू केला, पण काही नियम घालून. माझ्यासारखे आणखी कुणी हौशी असतील तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

एक, टर्मिनल यादी दाखवतं तेव्हा ती बोट ठेवून वाचायची. 'काढून टाकणार' या शीर्षकाखाली आपण न मागितलेलं काही दिसलं की थेट नाही म्हणायचं. नाही म्हटल्यानं काही बिघडत नाही.

दोन, काळा पडदा आला म्हणून फाइली गेल्या असं नसतं. मिंटचा पेन ड्राइव्ह लावून, काहीही न पुसता, नुसता त्यावरूनच कॉम्प्युटर चालवता येतो. तसा चालवायचा, आपल्या फाइली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घ्यायच्या, मगच पुढचं. हे मला त्या दिवशी ठाऊक असतं तर!

तीन, नटवण्याचे प्रयोग करायला मी आता वेगळा यूझर केला आहे. तिथे काहीही मोडलं तरी माझ्या पडद्याला धक्का लागत नाही. पॅनेलची मांडणी जतन करायलाही पॅनेल प्रोफाइल्स नावाचं छोटं साधन मिळतं. बसलेली घडी आधी जतन करायची, मग विस्कटायची.

चार, टाइमशिफ्ट यंत्रणेसाठी आणि मिंटमधलंच बॅकअप टूल आपल्या फाइलींसाठी, अशी दोन वेगळी खाती. आणि प्रत त्याच डिस्कवर नाही. माझी एक पेन ड्राइव्हवर कपाटात असते, दुसरी भाचीकडे.

आता लॅपटॉपवर मिंटची २२वी आवृत्ती आहे. ती २०२९पर्यंत सांभाळली जाणार आहे, तोवर लॅपटॉप आणि मी दोघींनी टिकायला हवं. पॅनेल वर आहे, बाण ठळक आहे, वॉलपेपर त्या जात्याचा आहे. मधोमध एकच फोल्डर आहे, 'अक्का'. त्यात ९५ ओव्या आहेत, आणि वाईच्या त्या दोन दिवसांत सूनबाईनं फोनवर टेप केलेला अक्काचा आवाज. मागे जात्याची घरघर आहे, म्हणून शब्द नीट ऐकू येत नाहीत, पण मी तो स्वच्छ करायच्या भानगडीत पडत नाही.

अक्का आता ८४ वर्षांची आहे. ओळखते, हसते. ओवी म्हण म्हटलं तर "तूच म्हण" म्हणते.

दर शनिवारी सकाळी साडेसातला मी सगळ्याची प्रत काढते. शनिवारची सकाळची शाळा असायची ना, तीच वेळ. पहिला तास सुरू व्हायच्या आधी हजेरी घ्यायची, तशी फाइल उघडून ओव्या मोजते. ९५ भरल्या की मग रंगरंगोटीला बसते.