उंची कुठून मोजायची?

निपाणीजवळ तवंदीच्या उतारावर आमचा माळ आहे. दोघा काकांच्या वाटणीआधी बांध दाखवणारा नकाशा हवा होता. सरकारी मोजणी पुढे व्हायचीच होती, पण आधी आपसात समजूत पटावी म्हणून मी ड्रोन नेला.

पायथ्याच्या विहिरीपासून उडवला. उंची 80 मीटर, लागोपाठच्या फोटोंचा ओव्हरलॅप 70 टक्के. नकाशात माथ्याकडे भोकेच भोके! नेमका वादाचा बांध गायब. धाकटे काका म्हणाले, "मुद्दाम सोडलास काय रे?" ते मनाला लागले.

रात्री वहीत आकृती काढली. ड्रोन उंची मोजतो ती उड्डाणाच्या जागेपासून. माळ 40 मीटर चढतो, म्हणजे माथ्यावर तो जमिनीपासून 40 मीटरच वर होता. शाळेतले समरूप त्रिकोण आठवले: उंची निम्मी, तर फोटोत मावणारी जमीनही निम्मी लांबीची. फोटोंमधले अंतर मात्र तेच. म्हणून ओव्हरलॅप 40 टक्क्यांवर घसरला.

दुसऱ्या दिवशी दोन उड्डाणे केली, वरच्या भागाचे माथ्यावरून. ओव्हरलॅप 80 ठेवला. बांध स्पष्ट उमटला. दोघे काका एकाच पडद्यावर वाकून बघत होते.

मुलांनो, समरूप त्रिकोण पेपरापुरते शिकू नका.