ट्रम्पेटचा दमसास

एकेकाळी मुंबईत ट्रम्पेट हवा असेल तर माणूस बोलवावा लागे. अरेंजरचा निरोप जाई, आणि ठरल्या वेळी ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत काळ्या पेट्या घेऊन वादक हजर होत. त्यांतले बरेचसे गोव्याचे. गावच्या चर्चच्या संगीतशाळेत लहानपणीच नोटेशन घोटून आलेले, त्यामुळे समोर ठेवलेला कागद पहिल्याच नजरेत वाचून वाजवणारे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमहाल हॉटेलात जाझ वाजवीत आणि पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट धरीत. १९५१ च्या ‘अलबेला’त तर ते आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हेही ट्रम्पेटवादकच, आणि पुढच्या कितीतरी वादकांना नोटेशन शिकवणारे गुरू.

आमच्यासारख्यांना हा आवाज रेडिओवरून भेटला. प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत. पुण्याचा प्रभात बँड ज्यांनी विसर्जनाला ऐकला आहे, त्यांना उघड्या रस्त्यावर पितळ काय करतं ते सांगायला नको. मी मात्र गाण्यापेक्षा वादकांच्या तोंडाकडे बघत राही. सूर वर चढवायचा असला की ओठांचे कोपरे आवळले जात, मान ताठ होई, आणि मगच तो सूर येई. ट्रॉम्बोनवाला गाणं संपलं की स्लाइडच्या टोकाची कळ दाबून आत साठलेलं पाणी रस्त्यावर झटकी. लोक त्याला थुंकी म्हणत. खरं तर ती बहुतांशी गार धातूवर जमलेली श्वासाची वाफ असते. इतका श्वास त्या नळीतून गेलेला असे.

आपली तुतारी याच घराण्यातली. तिला ना भोकं, ना कळ; ओठ आवळून आणि फुंक वाढवूनच सूर चढवायचे. ट्रम्पेटला तीन पिस्टन मिळाले: मधला सूर अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला एका स्वराने, तिसरा दीड स्वराने. पण पिस्टन फक्त नळीची लांबी बदलतात. सूर उभा राहतो तो ओठांवर आणि दमावर.

मग १९८३ साल उजाडलं. त्या वर्षी मिडी आलं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरलेली समाईक भाषा. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड आला. त्याच्यात भरून दिलेल्या आवाजांतला पहिलाच आवाज ब्रासचा होता. ऐंशीचं दशक सरता सरता आणि नव्वदीत आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांच्या मंचावरून ट्रम्पेटवाले कमी होत गेले आणि त्यांच्या जागी कीबोर्डवाल्याचा उजवा हात आला. पैसे वाचले, टेम्पोत जागा वाचली. तो कीबोर्डवरचा ट्रम्पेट जिवंत वाटत नव्हता, हे मंचावरच्या आम्हा सगळ्यांना कळत होतं.

कारण साधं आहे. कीबोर्डला मुख्यतः सुराचा जन्म कळतो. की किती वेगाने खाली गेली तेवढं तो नोंदवतो, आणि नंतर बोट नुसतं टेकून राहतं. पियानोला ते पुरतं, कारण हातोडी तारेवर आपटली की पियानोवादकाचं त्या सुरावरचं काम बरंचसं संपतं. पितळी वाद्याचं काम तिथून सुरू होतं. सूर लागल्यावर तो फुगवायचा, दाबायचा, थरथरवायचा, शेवटी घसरवून सोडायचा. शिवाय ट्रम्पेट जोरात वाजतो तेव्हा तो नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगच पालटतो. फुंक वाढली की वरचे उपस्वर जागे होतात आणि आवाजाला ती चरचरीत धार चढते. म्हणून नुसता व्हॉल्यूम वरखाली करून काही साधत नाही. जोरात फुंकलेला ट्रम्पेट बारीक केला, तर तो शेजारच्या घरात लागलेल्या रेडिओसारखा ऐकू येतो. मृदू फुंकेचा सूर ही वेगळीच गोष्ट आहे.

मला याचं नवल वाटतं की उत्तर त्याच डीएक्स-७ ला जोडता येत होतं. त्याला ब्रीद कंट्रोलरसाठी वेगळा सॉकेट होता. दातांत धरायचं छोटं फुंकयंत्र त्यात लावलं की श्वासाने आवाज घडवता येई. माझ्या पाहण्यातल्या एकाही मंचावर त्या सॉकेटमध्ये कधी काही लागलं नाही. तिकडे अमेरिकेत नाइल स्टाइनर नावाच्या ट्रम्पेटवादकाने सत्तरच्या दशकातच ट्रम्पेटसारखी बोटं चालवून फुंकायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवलं होतं. १९८७ मध्ये ते अकाई कंपनीने बाजारात आणलं.

आज घरातल्या टेबलावर ट्रम्पेट मांडणं ही मला एक सुंदर कारागिरी वाटते. संगणकात वाद्याची प्रतिकृती असते. काही प्रतिकृती खऱ्या वादकाच्या नमुन्यांतून केलेल्या, काही नळीतल्या हवेचं गणित जिथल्या तिथे सोडवणाऱ्या. डाव्या-उजव्या हाताखाली कीबोर्ड आणि तोंडात ब्रीद कंट्रोलरची नळी. मिडीत प्रत्येक हालचालीला क्रमांक आहे: १ मॉड्युलेशन, २ श्वास, ७ व्हॉल्यूम, ११ एक्स्प्रेशन. श्वास २ वर येतो, पण बऱ्याच प्रतिकृती ११ ची वाट पाहतात; तिथे जोडणी बदलून द्यावी लागते. नाहीतर की दाबत राहा, आवाजच फुटत नाही. ७ ला फुंक कधीही जोडू नये, ते मिक्सिंगचं काम. व्हायब्रेटोला मॉड्युलेशनचं चाक, घसरगुंडीला पिच बेंड. दोन सुरांच्या की एकमेकींवर किंचित चढवल्या की सूर जोडून येतात, आणि दुसरी की हलकेच दाबली तर अनेक प्रतिकृतींत सूर ट्रॉम्बोनच्या स्लाइडसारखा ओढत जातो.

सगळ्यात जास्त वेळ लागतो तो फुंकेचा वक्र बसवायला. ० ते १२७ एवढ्याच पायऱ्यांत अख्खा दम बसवायचा असतो. वक्र सुरुवातीला आळशी ठेवला तर मृदू सूर हाताळता येतात. फारच आळशी ठेवला तर प्रत्येक जोरकस जागेला गाल दुखतात. शिवाय नळीतला सेन्सर फक्त दाब मोजतो, आणि बऱ्याच यंत्रांत हवा पुढे जायला वाट नसते. ओठाच्या कोपऱ्यातून थोडी हवा निसटू द्यावी लागते, नाहीतर दोन ओळींत गुदमरायला होतं. आणि सूर सुरू करताना जिभेने ‘तु’ म्हणायचं, अगदी ट्रम्पेटवादक म्हणतो तसं. तो ‘तु’ ऐकू आला की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पुष्कळजण हे टाळतात आणि माउसने पडद्यावर रेषा काढून सुराचे चढउतार बनवतात. त्यातून नीटनेटकं काम होतं, पण मला ते पटत नाही. रेषा काढणाऱ्याला दम लागत नाही. मग आठ-आठ, बारा-बारा मात्रांचे सूर न थांबता लिहिले जातात, ट्रम्पेट तासभर वरच्या पट्टीत राहतो, आणि ऐकणाऱ्याला नकळत कंटाळा येतो. जुन्या अरेंजरांना ठाऊक असे की वादकाचे ओठ थकतात. म्हणून ते दोन ओळी ट्रम्पेटला देत आणि पुढच्या दोन व्हायोलिनला. त्या सक्तीच्या विश्रांतीनेच गाण्यांना ऐसपैसपणा आला. तोंडात नळी धरली की तीच शिस्त परत येते, कारण श्वास संपतो.

ब्रासचा सेक्शन, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक वादक, उभा करायला तर आणखी सायास आहेत. एकदा फुंकलेला ट्रॅक तीनदा चिकटवला, तर तीन वादक होत नाहीत, एकाच माणसाचा आवाज मोठा होतो. प्रत्येक भाग नव्याने फुंकावा लागतो. मग कुठे एकाचा सूर केसभर आधी सुटतो, दुसऱ्याचा फुगवटा थोडा उशिरा येतो, आणि खोलीत माणसं आल्यासारखी वाटतात. तरीही त्या तिघांनी एकमेकांकडे बघून एकदम घेतलेला श्वास यात नाही. टेक फसल्यावर खुर्चीतून होणारी कोकणी कुजबुज नाही. आणि संध्याकाळी त्या तीन घरांत जाणारे पैसे नाहीत, ही उणीव कोणत्याही सेटिंगने भरून येणार नाही.

दुसरीकडे, ज्या गावात ट्रम्पेटवादक मिळणं मुश्कील, तिथली एखादी मुलगी आज चार भागांचा ब्रास स्वतः लिहून स्वतःच्या दमावर ऐकू शकते. पूर्वी हे ऐकायला अख्खं स्टुडिओचं बजेट लागे. ती चुकीची जागा लगेच ओळखते, कारण तिथे तिलाच धाप लागते.

मी स्वतः, बजेटमध्ये बसेल तेव्हा, पहिला ट्रम्पेट माणसाकडूनच वाजवून घेतो. खालचे दोन आणि ट्रॉम्बोन माझ्या नळीतून. त्या वादकासमोर कागद ठेवण्याआधी तो भाग मी घरी पूर्ण फुंकलेला असतो, आणि श्वासाच्या खुणा जिथे माझा दम तुटला तिथेच घातलेल्या असतात. परवा एका वयस्क वादकाने कागद पाहिला, दोन खुणा पेन्सिलीने खोडून चार मात्रा पुढे नेल्या आणि म्हणाला, “इथपर्यंत पोचतो मी.”