अष्टमी आणि नवमी

मोटार बदलणे ही गोष्ट हल्ली इतकी सामान्य झाली आहे की, तीवर मासिकाची पाने खर्ची घालणे कित्येक वाचकांस चैनीचे वाटेल. त्यांतून आमची मोटार पडली वेगाची. डहाणूसारख्या गावी राहणाऱ्या आणि आठवड्यातून तीन दिवस तलासरीस दवाखाना चालविणाऱ्या, साठीकडे झुकलेल्या डॉक्टरास असल्या मोटारीची गरज काय, असा प्रश्न आप्तेष्टांनी आम्हांस पुष्कळदा विचारिला आहे. गरज मुळीच नाही, हेच त्याचे खरे उत्तर. कोणास गाण्याचा नाद असतो, कोणी गुलाबांची कलमे करतो. आमच्या आजोबांस दमणीच्या बैलांचा शौक होता आणि त्यापायी घरात बोलणीही होत. तोच दोष आमच्या रक्तात उतरला, एवढेच म्हणता येईल. असो.

जुनी गाडी आम्ही 2005 साली घेतली. स्कोडा ऑक्टेव्हियाचा हा ‘आरएस’ नावाचा प्रकार. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. 1974 पासून त्या कारखान्याच्या शर्यतीच्या गाड्यांस ही अक्षरे लागत आली आहेत. बाहेरून पाहिले असता चार दारांची, मागे भरपूर सामान मावणारी, संसारी गाडी. आत मात्र 1.8 लिटरचे टर्बो इंजिन, दीडशे अश्वशक्तीचे. ऑक्टेव्हिया ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आठवी’ असा आम्ही मातुश्रींना सांगितला, तेव्हा त्यांनी लगेच हळदकुंकू वाहताना तिचे नाव ‘अष्टमी’ ठेवून टाकिले. मातुश्री आता नाहीत. परंतु नाव राहिले, आणि कारखान्याचे नाव आमच्या घरात पुढे कोणी उच्चारले नाही.

अठरा वर्षांत अष्टमीने दोन लक्ष किलोमीटरांहून अधिक मजल मारली. समुद्राची खारी हवा लोखंडास सोडीत नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या खिडक्यांच्या गजांस विचारावे. शिवाय इतक्या जुन्या गाडीचे सुटे भाग मिळविणे म्हणजे जुन्या पोथीचे हरवलेले पान शोधण्यासारखे होऊन बसते. तिची जागा घ्यावयाची तर तिच्याच वंशातली घ्यावी, असे आमच्या मनाने घेतले. त्याच नावाची, 245 अश्वशक्तीची गाडी 2020 साली ह्या देशात अवघ्या दोनशेच आल्या होत्या. त्यांपैकी एक, पहिल्या धन्याने फारशी न वापरलेली, 2023 साली आम्हांस मिळाली. आमच्या सौभाग्यवतींनी तिला पाहताच, “अष्टमीनंतर नवमीच यावयाची,” असे म्हणून बारसे उरकले.

आता दोहोंतील भेद सांगतो. यंत्रांचे वावडे असणाऱ्या भगिनींनी एवढा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. पण सोडू नये अशी विनंती आहे, कारण पुढचे सारे त्यावर आहे. अष्टमीच्या स्टिअरिंगला साहाय्य होते ते तेलाच्या दाबाचे. इंजिनावर चालणारा पंप तो दाब निर्माण करी, आणि पुढच्या चाकांखाली खडी आली, चिखल आला, खड्डा आला की त्याची वर्दी तळहातास पोचे. नवमीत तेच काम विजेची मोटर करते. ती नको ते हादरे मधल्या मध्ये गिळून टाकते, आणि हात सुखी राहतात. अष्टमीत क्लच दाबून पाच गिअर आपल्या हाताने टाकावे लागत. नवमीत दोन क्लच आहेत, एक विषम गिअरांचा आणि एक सम गिअरांचा, त्यामुळे एक गिअर चालू असता पुढचा आधीच सज्ज होऊन बसलेला असतो, आणि बदल केव्हा झाला हे पोटातल्या पाण्यालाही कळत नाही. अष्टमीच्या टर्बोची एक लकब होती. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे ते पाते. धूर थोडा तोवर ते आळसावलेले राही, आणि फेरे वाढले की एकदम अंगात आल्यासारखे करी. त्या क्षणाची चाहूल आधी आवाजाने लागे. नवमीत ही लकब जवळजवळ नाहीशी झाली आहे. शेवटची गोष्ट म्हणजे, ताशी ऐंशीच्या वेगात अष्टमीचे इंजिन मिनिटास अडीच हजारांच्या आतबाहेर फेरे घेई; नवमी तोच वेग सातव्या गिअरात, बरेच कमी फेरे घेऊन, गुणगुणत गाठते. पेट्रोल वाचते आणि कानही वाचतात.

ह्या सर्वांस सुधारणा म्हणतात, आणि त्या सुधारणा आहेतच. नवमीचे ब्रेक अधिक पकड घेतात, गाडी घसरू लागली तर यंत्र आपण होऊन एकेका चाकास आवरते, अपघात झालाच तर चोहोबाजूंनी हवेच्या उशा फुगून येतात. जुने ते सोने म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. डॉक्टराच्या धंद्यात जुन्या काळाचे कौतुक फार काळ टिकत नाही.

परंतु पहिल्या महिन्यातच एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मनातून जाईना. चिरंजीव सुटीवर आले होते. त्यांच्याबरोबर आम्ही एक खेळ केला. सकाळच्या वेळी, हमरस्ता मोकळा असता, चिरंजीवांनी गाडी चालवावयाची आणि आम्ही शेजारी डोळे मिटून बसावयाचे. मग त्यांनी “सांगा” म्हणताच वेग किती तो सांगावयाचा. अष्टमी तेव्हा अजून घरीच होती. तिच्यात आमचा अंदाज पाचदहांहून अधिक चुकला नाही; कानांनी, पाठीने, तळव्यांनी हिशेब आपोआप होत होता. नवमीत आम्ही “सत्तर” म्हणालो, तेव्हा काटा शंभरावर होता. सौभाग्यवती मागे बसल्या होत्या, त्यांनी साठ सांगितले. पुनःपुन्हा करून पाहिले; तिघांपैकी जो डोळे मिटी त्याचा अंदाज नेहमी खालीच पडे, वर कधीच नाही.

हे एका गाडीचे वैशिष्ट्य नव्हे; एकंदर नव्या जमान्याच्या गाड्यांचे आहे. आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही असेही नाही. 1 जुलै 2019 पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारींत वेगाची घंटा सक्तीची झाली. चिरंजीवांच्या लहान गाडीत ती आहे. ऐंशीच्या वर गेले की ती मधूनमधून वाजते, एकशेवीस ओलांडले की थांबतच नाही. पूर्वी जे काम इंजिनाचा घोष आणि खिडकीतला वारा फुकट करीत होता, त्यासाठी आता कायदा करून घंटा बसवावी लागली! दुसरीकडे, इंजिनाचा आवाज आत येऊ नये म्हणून दारांत जाड अस्तर घालावयाचे, आणि मग मालकास चुकल्याचुकल्यासारखे वाटू नये म्हणून तोच आवाज ध्वनिक्षेपकांतून गाडीच्या आत वाजवावयाचा, हा प्रकारही काही परदेशी वेगवान गाड्यांत चालतो. ह्यास काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे.

आमचा रस्ता कसा आहे ते सांगितल्यावाचून ह्या चिंतेचे मर्म कळणार नाही. डहाणूहून निघाले की आशागड, गंजाड, रानशेत अशी गावे घेत रस्ता पूर्वेस चारोटीला जातो. दोन्ही बाजूंस आधी चिकूच्या वाड्या, मग साग आणि भातखाचरे. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरविला, त्यामुळे मोठे कारखाने येथे फारसे आले नाहीत. झाडी राहिली, पण पुष्कळांची मजुरी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत आणि दूरच्या वीटभट्ट्यांवर राहिली. म्हणून पहाटे काळोख असता माणसे पाड्यांतून निघतात आणि जीप मिळेल त्या फाट्यापर्यंत पायी चालतात. रात्री तशीच परततात. बायकांच्या डोक्यावर मोळी, मुलांच्या खांद्यावर दप्तर, एकामागे एक अशी रांग. गंजाड हे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे ह्यांचे गाव. 2018 साली ते निवर्तले. त्यांच्या चित्रांत काड्यांसारख्या माणसांच्या ज्या न संपणाऱ्या रांगा दिसतात, त्या आम्हांस ह्या रस्त्याच्या कडेला रोज भेटतात. पदपथ असा नाहीच. डांबराची कड हाच त्यांचा मार्ग.

चारोटीला हा रस्ता मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यास मिळतो. ज्याला पूर्वी आठ क्रमांक होता आणि आता अठ्ठेचाळीस आहे. तेथून उत्तरेस वळले की विवळवेढ्याची महालक्ष्मी, पुढे दापचरी आणि मग तलासरी. चैत्री पौर्णिमेपासून देवीची यात्रा भरते, तेव्हा रस्त्याच्या ह्या बाजूची माणसे त्या बाजूस जाण्यासाठी मालमोटारींच्या मधल्या फटी शोधीत उभी असतात. केंद्र सरकारच्या 2018 सालच्या अधिसूचनेने मधोमध दुभाजक असलेल्या, चौपदरी वा त्याहून रुंद अशा रस्त्यावर मोटारीस ताशी शंभरापर्यंत वेगाची मुभा दिली होती. शंभराच्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर जाते. साठाच्या वेगात सतरा. रस्त्यात मूल दिसले, हे मनास कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेलाच म्हणून समजा. आणि धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साठाचे शंभर केले तर तो पावणेतीन पट होतो. हे गणित शाळेत सर्वांनीच केलेले असते. पण ज्या गाडीत शंभर हे सत्तरांसारखे भासतात, त्या गाडीत माणूस नकळत सत्तरांचे गणित मांडून बसतो.

4 सप्टेंबर 2022 रोजी चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. उदवाड्याहून मुंबईस जाणारी ती गाडी आमच्याच तलासरी-चारोटी वाटेने गेली होती. मागच्या आसनावरील त्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते. पुढे बसलेली दोघे वाचली. त्या दिवसापासून आमच्या घरात मागे बसणारानेही पट्टा बांधल्यावाचून गाडीची कळ दाबली जात नाही. येथवर आतल्या माणसांचे झाले. बाहेरच्यांचे काय?

ते आम्हांस आमच्या दवाखान्यातील मदतनिसाने दाखवून दिले. हा तरुण वारली समाजातला, रानशेतच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. कित्येकदा आम्ही त्यास वाटेवर गाडीत घेतो. नवमी येऊन दोन महिने झाले असतील. एके दिवशी औषधांच्या बाटल्या लावता लावता तो सहज म्हणाला,

“डॉक्टरसाहेब, जुनी गाडी विकली का?”

“नाही अजून. का रे?”

“तिचा आवाज लांबनं कळायचा. वळणावर आली की आमच्या पाड्याची माणसं बोलायची, डॉक्टर आला, बाजूला व्हा. ही नवी कधी येते ते कळतच नाही. वारा लागतो तेव्हा कळतं.”

तक्रारीचा सूर त्यात नव्हता. पाऊस यंदा उशिरा आला, अशा सुरात तो बोलला आणि पुन्हा बाटल्या पुसू लागला. आम्ही मात्र त्या दिवशी घरी येईपर्यंत दुसरा विचार करू शकलो नाही. अष्टमीचा जो घोष आम्ही अठरा वर्षे आपल्या करमणुकीचा विषय समजत होतो, तो त्या रांगेतल्या माणसांस उपयोगी पडत होता, ही गोष्ट विकत घेताना कोणत्याही पत्रकात लिहिलेली नव्हती. युरोपात विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींनी मंद वेगात असता मुद्दाम आवाज करावा, असा नियम 2019 पासून लागू झाला आहे. तो पायी चालणाऱ्यांसाठीच, विशेषतः अंधांसाठी. आपल्या रस्त्यावर काळोखात चालणारा डोळस मनुष्यही मागून येणाऱ्या गाडीपुरता आंधळाच असतो.

रात्री जेवणे झाल्यावर हा विषय घरात निघाला. नवमी परत करावी, असे आमच्या तोंडून निघून गेले. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, गाडी मुकी असेल, तुम्ही काही मुके नाहीत. तिला बोलती करावयाचे काही साधन असेलच की.” चिरंजीव दूरध्वनीवर होते, त्यांनी ते साधन सांगितले. स्टिअरिंगच्या मागे दोन लहान पाती आहेत, ती ओढून गिअर आपल्या हाती घेता येतो. गाडी स्वतः होऊन वरच्या गिअरात जाऊ पाहते, तिला खालच्यातच धरून ठेवावयाचे. म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात आणि तिला कंठ फुटतो. शिवाय वेगाची मर्यादा आधीच बांधून ठेवण्याची सोय आहे. ठरविलेल्या आकड्यापुढे साध्या दाबाने ती जात नाही.

तेव्हापासून डहाणू ते चारोटी आम्ही मर्यादा पन्नासांवर बांधतो, हमरस्त्यावर ऐंशीवर. आशागड सोडले की तिसरा गिअर धरावयाचा तो चारोटीच्या नाक्यापर्यंत. दोनशे पंचेचाळीस अश्वशक्तीच्या गाडीस असे चालविताना पाहून मागचा दुधाचा टेम्पो भोंगा वाजवून पुढे जातो, आणि त्यातला पोरगा आमच्याकडे वळून पाहतो. तोही काही वाईट अनुभव नाही.

अष्टमी ह्या वर्षीच्या आरंभी वलसाडच्या एका तरुणाने नेली. तो जुन्या गाड्या दुरुस्त करून हौसेने बाळगतो. फाटकाबाहेर पडताना त्याने टर्बो जरासा बोलविला, आणि शेजारच्या वाडीतील माळी चिकू काढण्याचे थांबवून ऐकत राहिला.

मदतनिसास मध्यंतरी आम्ही विचारिले, “आता कळते का रे?” तो म्हणाला, “कळते. पण ही जुनीवाणी बोलत नाही, कण्हते.” पेट्रोलचा खर्च मात्र दरमहा वाढला. सौभाग्यवतींनी तो जमाखर्चाच्या वहीत ‘नवमीचा आवाज’ असे निराळे सदर काढून मांडण्यास आरंभ केला आहे.