क्रियापद चालवताना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने व्याकरणावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. व्याकरण हा भाषेच्या प्राध्यापकांचा प्रांत. आमचा प्रांत म्हणजे जमा आणि नावे, घसारा आणि ताळेबंद. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ इटालियन भाषेची क्रियापदे चालली. ती ऐकता ऐकता जे सुचले ते मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

जोयडा तालुक्यात इटालियन कोठून आली, हे आधी सांगतो. माझा मामेभाऊ गोव्यात राहतो. तिकडचे पुष्कळ तरुण परदेशी प्रवासी जहाजांवर नोकरीला जातात. दादालाही अशाच एका जहाजावर, भोजनगृहात वाढप्याच्या कामासाठी मुलाखत द्यायची होती आणि प्रवासी बहुतेक इटालियन असणार होते. घरात निवांतपणा नाही म्हणून तो अनमोड घाट चढून आमच्याकडे आला. आमच्याकडे पावसात मोबाईलचे नेटवर्क भरवशाचे नसते, म्हणून येताना छापील पुस्तकच घेऊन आला. त्यात पानेच्या पाने क्रियापदांचे तक्ते होते. पुस्तक माझ्या हातात द्यायचे, त्याने म्हणून दाखवायचे आणि मी ताडून पाहायचे, असा आमचा क्रम ठरला.

पहिले क्रियापद होते 'पार्लारे', म्हणजे बोलणे. पार्लो, पार्ली, पार्ला. पार्लिआमो, पार्लाते, पार्लानो. माझी धाकटी बहीण दारातून म्हणाली, "हे दोघे बिस्किटाचा पुडा चालवताहेत!" हसे झाले; पण तक्ता त्यामुळेच डोक्यात बसला. या सहा रूपांत कर्ता वेगळा सांगावा लागत नाही. 'पार्लो' म्हटले की 'मी बोलतो' हे आलेच. कन्नड जाणणाऱ्याला यात नवे काही नाही. 'होगुत्तेने' म्हटल्यावर 'नानु' कशाला हवे? शेवटचे 'एने' म्हणजेच मी.

दुसरे साम्य मराठीशी निघाले. कन्नडमध्ये मुलगा म्हणतो 'नानु होदे' आणि मुलगीही म्हणते 'नानु होदे'. मराठीत मात्र मी 'गेलो' आणि बहीण 'गेले'. इटालियनमध्येही तसेच: पुरुष म्हणतो 'सोनो आन्दातो', स्त्री म्हणते 'सोनो आन्दाता'. हजारो मैलांवरची भाषा एका बाबतीत कन्नडसारखी वागते आणि दुसऱ्या बाबतीत मराठीसारखी, हे पाहून मला गंमत वाटली. मराठी शाळेत शिकून कन्नडमध्ये व्यवहार करणाऱ्या आपल्यासारख्यांना या भाषेचे अर्धे दार उघडेच आहे म्हणायचे.

हा व्यवहार एकतर्फीही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले कोकणी व्याकरण 1640 साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. पुढे 1778 मध्ये मराठीचे एक व्याकरण छापले गेले ते चक्क रोममध्ये, पोर्तुगीज भाषेत. निजामशाही आणि आदिलशाही मुलखांत चालणारी सर्वसामान्य मराठी शिकवण्यासाठी ते आहे, असे त्याचे शीर्षकच सांगते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 चे. म्हणजे आमच्या दादाने इटालियन क्रियापदे घोकण्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी इटलीत मराठी क्रियापदे छापून तयार होती!

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इटालियन क्रियापदाला नुसते काळ नाहीत, 'अर्थ'ही आहेत. अर्थ हा शब्द येथे व्याकरणातला समजावा. शाळेत आपण चार अर्थ शिकलो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. (यातला स्वार्थ वाणिज्याच्या विद्यार्थ्याला लवकर कळतो, असे आमचे मराठीचे गुरुजी म्हणत.) इटालियनमध्येही पुरुषाप्रमाणे चालणारे अर्थ चारच. स्वार्थाचे आठ काळ, शंका-इच्छा दाखवणाऱ्या अर्थाचे चार, संकेतार्थाचे दोन आणि आज्ञार्थाचा एक, असे पंधरा तक्ते एका क्रियापदाचे होतात.

यातला शंकेचा अर्थ दादाला फार छळत होता. पाऊस पडतो हे डोळ्यांनी पाहून सांगायचे तर 'पिओवे'. पण 'मला वाटते, पाऊस पडत असावा' म्हणायचे तर 'पिओवा'. "एका अक्षराने काय बिघडते?" असे तो चिडून म्हणाला. मी त्याला म्हटले, दादा, 'पडत आहे' आणि 'पडत असावा' यांत काय बिघडते ते आधी सांग. कन्नडमध्ये 'बरुत्तिदे' आणि 'बरुत्तिरबहुदु' यांतही तोच फरक आहे. बोलणारा आपल्या वाक्याची किती हमी घेतो, ते क्रियापदाच्या शेवटावरून कळते.

आणि येथे मला आमचा ताळेबंद आठवला. वसूल झालेली रक्कम आणि संशयित येणे यांना आम्ही एका ओळीत बसवत नाही. संशयित येण्यासाठी वेगळी तरतूद करतो. न्यायालयात दावा चालू असेल तर त्याची संभाव्य देणी ताळेबंदाच्या खाली टीप म्हणून दाखवतो. झालेले, होईलसे वाटणारे आणि अमुक झाले तरच होणारे, यांची खाती निराळी. भाषेने हीच खाती क्रियापदाच्या रूपांत फार पूर्वी उघडून ठेवली आहेत. कोणते वाक्य कोणत्या खात्यात लिहायचे, एवढेच आपल्या हाती असते.

आमची ही घोकंपट्टी आजी माजघरातून ऐकत असे. आमची आजी मूळची सुप्याची. ती कोकणी बोलते, आम्ही मराठीत उत्तर देतो. काळी नदीवर गणेशगुडीला धरण बांधले गेले आणि 1980 च्या दशकात सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसली. हे सर्व वाचकांना ठाऊकच आहे. धरणाविरुद्ध लिहिण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या विजेवर कितीतरी घरांत दिवे लागले आहेत. मला सांगायचे आहे ते आजीच्या क्रियापदांविषयी.

इटालियनमध्ये भूतकाळाचा एक तक्ता आहे: पार्लावो, पार्लावी, पार्लावा. एकदा घडून संपलेल्या गोष्टीसाठी तो नसतो. पुन्हा पुन्हा घडत असे, चालू असे, अशा गोष्टींसाठी तो असतो. मराठीत याला रीतिभूतकाळ म्हणतात. 'बाजार भरे' हे त्याचे जुने रूप, म्हणजे ईआख्यात. ते आता पुस्तकांतच उरले आहे. बोलताना आपण 'भरत असे' किंवा 'भरायचा' म्हणतो. दादाला हे समजावून देत असताना आजी आतून म्हणाली, "सुप्यांत बाजार भरतालो." तेव्हापासून मी लक्ष देऊन ऐकू लागलो. आजी सुप्याविषयी बोलते ते सारे याच रूपात. गाड्या येताल्यो, बाजार भरतालो. संपलेल्या भूतकाळाचे तिचे वाक्य एकच: "सुपें बुडलें." तेवढे म्हणून ती गप्प होते.

मग घरातली बाकीची क्रियापदेही मला ऐकू येऊ लागली. आजोबांच्या ट्रंकेत अर्जांच्या नकला आहेत. कोणत्या कचेरीला, ते येथे सांगण्याचे कारण नाही. मराठी अर्जाचा शेवट 'जमीन मिळावी ही विनंती' असा, आणि त्याच मजकुराच्या कन्नड अर्जाचा शेवट 'कोडबेकु' असा. त्यांचे सगळे म्हणणे विध्यर्थात राहिले. बाबा बोलतात ते संकेतार्थात: गाव राहिले असते तर आपले दुकान असते. आणि मी, इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच, भविष्यकाळात: पदवी मिळेल, नोकरी लागेल. घर एक, गाव एक. प्रत्येकाचे क्रियापद वेगळे.

कचेरीच्या दप्तरात मात्र एकच रूप असणार: भरपाई 'दिली'. हिशेबाच्या दृष्टीने ते खरेच आहे. रक्कम दिली, सही घेतली, खाते बंद झाले. हिशेब शिकणारा मी त्या नोंदीला चूक म्हणणार नाही. पण आजीचे 'भरतालो' त्या नोंदीत मावत नाही, आणि ज्या भाषेत ते मावते ती घरातून जाऊ लागली तर ते लिहायचे कोठे? आम्ही नातवंडे तिला मराठीत उत्तर देतो. आमची मुले कदाचित आणखी कोणत्या भाषेत देतील. मोठे शब्द टिकतात, ते शब्दकोशात जातात. हरवतात ती शेवटची दोन-तीन अक्षरे.

दादाची मुलाखत चांगली झाली. तो आता जहाजावर आहे. मध्यंतरी फोनवर म्हणाला, पंधरा तक्त्यांतले सर्वांत जास्त कानावर पडते ते एकच रूप: 'वोर्रेइ', म्हणजे 'मला हवे होते'. 'वोल्यो', म्हणजे 'मला हवे', असे तोंडावर म्हणणे उद्धटपणाचे वाटते. कोणी कोणी भूतकाळ वापरून 'वोलेवो' म्हणतात. मला हसू आले. आपणही दुकानात 'साखर हवी होती' म्हणतो आणि कन्नडमध्ये 'बेकित्तु' म्हणतो. हवी असते आत्ताच, पण मागणी भूतकाळात ढकलली की ती नम्र होते. हे तिन्ही भाषांना न शिकवता कळले आहे.

मी दोनशे पानी वही आणली आहे. रोज जेवणानंतर आजी जे सांगते त्यातली पाचदहा वाक्ये तिच्याच कोकणीत उतरून घेतो, क्रियापदाला हात न लावता. खतावणीसारखे दोन रकाने पाडले आहेत: डावीकडे वाक्य, उजवीकडे त्याचे मराठी आणि कन्नड. उजवा रकाना अनेकदा रिकामा राहतो. विद्यार्थी मित्रांपैकी ज्यांच्या घरी अशी आजी असेल त्यांनी हा उद्योग करून पाहावा. आणि माझे रिकामे रकाने भरायला आमच्या कन्नडच्या प्राध्यापकांनी मदत करावी, ही विनंती.