जुनी पिकअप फोर बाय फोर करायची म्हणजे



आज डाळिंबाचं नाही, गाडीचं लिहितोय. दोन महिने घरात हाच विषय चाललाय. पुतण्याचं म्हणणं, आपली २०११ ची पिकअप फोर बाय फोर करून घेऊ. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलंय त्यानं, त्यामुळं पोरगं उगं हवेत बोलत नाही.

अडचण खरी आहे. बागेपासून डांबरीपर्यंत आमची पाणंद नऊशे मीटर, सगळी काळ्या रानातनं. मधला टप्पा तर कालव्याच्या पाझराचाच. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. त्यानं बारामती-इंदापूरला ऊस दिला, तसं खालच्या रानांना चिबडही दिलं. २०२५ च्या मे महिन्यात जो पाऊस झाला, पिंपळी-लिमटेकजवळ कालवा फुटला, तो सगळ्यांच्या ध्यानात असेल. त्या पावसात आमची पाणंद जी बसली ती दिवाळीपर्यंत उठली नाही. आंबे बहराचं डाळिंब तोडायला येतं जुलै-ऑगस्टात. माल निघायची आणि रस्ता बुडायची वेळ एकच. मग क्रेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं डांबरीला आणायचे, तिथं पिकअपमध्ये परत भरायचे. दोनदा मजुरी, आणि ट्रॉलीच्या हादऱ्यानं फळ घासतं ते वेगळंच. इंदापूरच्या मार्केटला घासलेला क्रेट बाजूला काढला की दर कुठं जातो ते तुम्हाला सांगायला नको.

आता गाडी फसते का, ते बघा. पिकअप रिकामी असली की वजन सगळं पुढं, इंजिनावर. ओढणारी चाकं मात्र मागं, आणि मागं वजनच नाही. म्हणून जाताना फसते. भरून येताना वजन असतं, पण तेव्हा मागची चाकं रुततात. एक चाक चिखलात फिरायला लागलं की डिफरन्शियल त्यालाच फिरवत बसतं, दुसरं नुसतं उभं राहतं. पुढची दोन चाकं पण ओढायला लागली तर इंजिनाचं वजन कामाला येतं. बागेतला आमचा छोटा ट्रॅक्टर फोर व्हील आहे, ब्लोअर घेऊन ओल्या बागेत फिरतो, त्यामुळं पुतण्याचा मुद्दा मला पटत होता.

मग बारामतीला एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. जीपवर हात बसलेला माणूस. गाडीखाली पंधरा मिनिटं झोपून बाहेर आले आणि म्हणाले, "नाना, होतंय. पण काय काय होतंय ते आधी ऐकून घ्या."

पहिली गोष्ट ट्रान्सफर केस. गिअरबॉक्सच्या मागं अजून एक गिअरपेटी, जी ताकद पुढं आणि मागं वाटते. विलीज जीपच्या पेटीत लो टाकला की ताकद २.४६ पट व्हायची, म्हणून ती जीप चिखलातनं मुंगीसारखी निघायची. ही पेटी बसवायला चॅसिसचा आडवा मेंबर सरकवावा लागतो. मागचा जॉइंट शाफ्ट कापून, वेल्ड करून, बॅलन्स करावा लागतो. बॅलन्स नीट नसला तर साठच्या पुढं गाडी थरथरती आणि क्रॉस खाती.

दुसरी पुढची हाऊसिंग. आमच्या गाडीला पुढं पण पाटेच आहेत, त्यामुळं बसवता येईल म्हणाले. ज्या गाडीला पुढं पाटे नाहीत, दोन्ही चाकं सुटी हालतात, तिथं चॅसिस कापल्याशिवाय होत नाही. पण पाटे असले तरी हाऊसिंगचा मधला गोळा खड्ड्यात वर उसळला की इंजिनाच्या चेंबरला लागणार. तो लागू नये म्हणून गाडी वर उचलायची. उचलली की स्टिअरिंगच्या रॉडचा कोन बदलतो, ब्रेकचे पाइप तोकडे पडतात, आणि भरलेली गाडी वळणावर कलायला लागते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पुढच्या आणि मागच्या क्राऊन-पिनियनचे दात एकाच हिशोबाचे पाहिजेत. जुन्या जीपच्या क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे शाफ्टचे जवळजवळ साडेपाच फेरे झाले की चाकाचा एक. मागं वेगळा हिशोब आणि पुढं भंगारातनं आणलेली हाऊसिंग वेगळ्या हिशोबाची असली, तर पुढची चाकं एक वेग मागणार, मागची दुसरा. चिखलात चाकं घसरून जुळवून घेतात. डांबरीवर फोर व्हील चुकून चालू राहिला की काहीतरी तुटणारच. टायर पण चारी एका मापाचे लागतात.

पूर्वी हे सोपं जायचं कारण महिंद्राची कमांडरसारखी जीप टू व्हील आणि फोर व्हील दोन्हीत यायची, सामान एकमेकाला जुळायचं. मिस्त्रींनी तशा जीपी केल्यात. पिकअपला जुळवाजुळव जास्त. अंदाज सव्वा लाखाचा दिला, शंभर किलोच्या पुढं वजन वाढेल ते वेगळं. तेवढं डाळिंब कमी भरायचं, म्हणजे पाच क्रेट.

पुतण्या तरी तयार होता. म्हणला, "नाना, सव्वा लाखात दुसरी गाडी येती का?" बरोबर आहे त्याचं. गाडीचे हप्ते फिटलेत, इंजिन एका झटक्यात उठतं. पण मिस्त्रींनीच निघताना विचारलं, "पासिंगचं काय करणार?"

गाडी एमएच ४२ ची, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं जी गाडी बनवली, त्यापेक्षा आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. त्यातलं कलम १८२अ मालकाला लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मान्यतेचं सीएनजी किट बसवून आरसीवर चढवता येतं. पिकअप फोर बाय फोर करायचं तसं मान्यतेचं किट आम्हाला कुणी दाखवलं नाही.

दंडाचं एक वेळ जाऊ द्या. गाडी नुसती पाणंदीला फिरत नाही. रात्री दहाला भरून सोलापूर हायवेनं पुण्याच्या मार्केट यार्डात जाते, आणि चालवतो पुतण्या. पाटसच्या पुढं कुणी आडवं आलं, आणि नंतर तपासणीत निघालं की पुढची हाऊसिंग या गाडीची नाही, ब्रेक पाइप जोडलेला आहे, तर विमा कंपनीला हात वर करायला नाहीतर दिलेले पैसे मालकाकडनं वसूल करायला आयतं कारण मिळतं. आरसीवर नाव माझं आहे, आणि माझ्याकडं विकण्यासारखं रानच आहे. त्या पोराची आई एकटी आहे. मी नाही म्हणलं ते इथं. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती आमची काळी माती रोज शिकवते. टायरच्या नक्षीत चिकण भरली की टायर गुळगुळीत होतो. मागचे दोन गुळगुळीत असताना गाडी जागेवर फिरते. चारी गुळगुळीत झाले तर चारी फिरतील. वाळूत, डोंगरात, मुरमाच्या चढाला फोर बाय फोरला तोड नाही. चिबडात मात्र त्याची अर्धी ताकद माती खाते.

म्हणून यंदा पैसे पाणंदीत घातले. शेजाऱ्यांनी ऊस लावत लावत रस्ता आठ फुटावर आणला होता. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं जाता येतं. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. आम्ही अर्ज लिहून ठेवला होता, द्यावा लागला नाही. चहावर बसलो, दोन सऱ्या मागं घेतल्या त्यांनी. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतनं (२०२१ ची) पाणंद घ्यावी म्हणून ग्रामपंचायतीला सांगितलंय, ते होईल तेव्हा होईल.

सातजणांनी वर्गणी काढली. आधी दोन्ही बाजूला चर काढले. लोक मुरूम आधी टाकतात आणि पाणी तिथंच ठेवतात, मग मुरूम खाली जातो आणि चिखल वर येतो. पाझराच्या टप्प्याला खाली दगड, वर मुरूम. चराची उतार-पातळी पुतण्यानंच नळीनं काढली, बोलत नव्हता तरी. पिकअपला मागं जाड नक्षीचे टायर घातले. रिकामी जाताना हौदात सहा गोण्या वाळू टाकतो, भरायच्या आधी काढतो. गेल्या आठवड्यातल्या पावसात गाडी बागेपर्यंत गेली. ओढ्याजवळची साठ मीटर अजून बाकी आहेत, तिथं ट्रॅक्टर उभा ठेवावा लागला.

पुतण्याचं फोर बाय फोरचं वेड काही गेलेलं नाही, आणि जावं असं मला पण वाटत नाही. आता तो कंपनीतनंच फोर बाय फोर निघालेली जुनी बोलेरो कॅम्पर शोधतोय. तुम्ही कुणी शोधत असाल तर त्यानं काढलेली तपासणी सांगतो. आरसी आणि चॅसिस प्लेटवरनं गाडी मुळातच फोर व्हील आहे का, ते कंपनीच्या डीलरकडं खात्री करा. फोर व्हील टाकून बघायचं ते मातीवर, डांबरीवर नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. पुढनं कट-कट आवाज आला तर चाकाजवळचे जॉइंट गेलेत. लो गिअर अडतो का बघा, बऱ्याच गाड्यांत तो वर्षानुवर्षं वापरलेलाच नसतो. पुढच्या हाऊसिंगचं ऑईल काढून बोटावर घ्या. पांढरं-दुधाळ असलं तर आत पाणी गेलंय.

दौंडला एक बघून आलोय. ऑईल दुधाळ निघालं.