नभ आणि नेबो

हल्ली रात्री मोबाईलवर थोडी रशियन शिकतेय. परवा शब्द आला 'नेबो', म्हणजे आकाश. शेवटच्या 'ओ'वर जोर नाही, म्हणून ऐकू येतं 'न्येबा'. लिंग? आपल्या 'ते आभाळ'सारखं नपुंसकलिंगच. 'आकाशात' म्हणायचं तर 'व न्येब्ये'. अनेकवचन 'नेबेसा', आणि तिथे मी थबकले. अहो, हे तर आपलं नभ, संस्कृतातलं 'नभस्'! कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. दोन्ही एकाच जुन्या शब्दाची लेकरं. तिकडे 'भ'चा 'ब' झाला, त्याला आपण चूक म्हणतो का?

मग वर्गातला एक मुलगा आठवला. घरी आगरी बोलतो. "बाई, पानी पिऊन येऊ?" म्हणाला, तर मी सगळ्यांसमोर "पानी नाही, पाणी!" म्हटलं. तेव्हापासून तो गप्पच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन जोड्या लिहिल्या: नभ-नेबो, पाणी-पानी. त्याला म्हटलं, "तुझंही बरोबर होतं रे. चुकले मीच." तो नुसता हसला. मधल्या सुट्टीत मात्र स्वतःहून आला, "बाई, अजून शब्द सांगू?"

आपल्या वसईत आगरी, कोळी, वाडवळी, सामवेदी अशा किती बोली घरोघरी आहेत! प्रमाण मराठी शिकवूच, पण घरचा शब्द न पुसता. तुमच्या वर्गात असे कोणते शब्द ऐकू येतात?