सावलीचा नकाशा

“बागेचं पण कॉलेज असतं का गं?” भाकरी थापता थापता आईनं विचारलं आणि मला हसू आलं. खरं म्हणजे हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आठ दिवसांपूर्वी मलाही ते ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात काय काय शिकवतात याविषयीचं आमच्या घरचं ज्ञान म्हणजे माझं वेळापत्रक! त्यात मराठी होतं, इतिहास होता, भूगोल होता. बाग नव्हती.

आई ज्या चार घरी कामाला जाते, त्यांतल्या एका घरची ताई लँडस्केप आर्किटेक्चर शिकते. आधी पाच वर्षं आर्किटेक्चर, मग वर दोन वर्षं हे. इमारत सोडून उरलेल्या जागेचं काय करायचं त्याचं शास्त्र, असं त्याचं भाषांतर मी माझ्यापुरतं करून टाकलं. ताईला अभ्यासासाठी एका सार्वजनिक बागेचा नवा आराखडा करायचा होता आणि तिनं भाईंदरमधलीच एक बाग निवडली. मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. आई म्हणाली, “आमची पोरगी येईल की! सुट्टीच आहे तिला.” अशा रीतीनं मी या शास्त्रात प्रवेश केला, तोही शून्याच्या टोकाकडून!

बागेचं नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण अशी बाग तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. लोखंडी फाटक, आत सिमेंटची गोल वाट, मध्ये हिरवळ, हिरवळीवर ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी, एका कोपऱ्यात घसरगुंडी, सणासुदीला चालणारं कारंजं. या बागेत मी लहानपणी शेकडो वेळा खेळले होते. पण ती ‘पाहिली’ मात्र त्या तीन दिवसांतच.

ताई प्रत्येक झाडाला नंबर द्यायची, छातीच्या उंचीवर त्याचा घेर मोजायची. जमिनीचा उतार कुणीकडे आहे, पावसाचं पाणी कुठं तुंबतं, ऊन केव्हा कुठं येतं, सगळं टिपून घ्यायची. हिरवळीतून तिरपी गेलेली एक उघडी पायवाट होती. मी म्हटलं, “लोकांना शिस्तच नाही.” ताई हसून म्हणाली, “लोकांना घाई आहे. वाट चुकीच्या जागी आखलीय, असं ही पायवाट आपल्याला सांगतेय.” त्या दिवसापासून कुठलीही पायवाट दिसली की मला तिचं म्हणणं ऐकावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी माळीमामांनी आमची शिकवणी घेतली. ताईच्या कच्च्या आराखड्यात गुलमोहराची रांग होती. मामांनी कुदळीचे चार घाव घातले. वीतभर लाल माती, तिच्याखाली मुरूम, विटांचे तुकडे, फुटक्या फरशा. “सगळी भरावाची जमीन. खालून खारं पाणी वर येतं. एप्रिलात वाफ्याच्या कडेला पांढरी खपली धरते. करंज लावा, उंडी लावा, भेंडी लावा. खाडीकाठची झाडं ती, खाऱ्याला भीत नाहीत.” ताईनं मुकाट्यानं गुलमोहर खोडून टाकले.

मामांचं म्हणणं भूगोलाच्या विद्यार्थिनीला पटायला वेळ लागला नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मधल्या सखल भागात मिठागरं, तिवरं, भातखाचरं, असं हे आपलं गाव. 2001च्या जनगणनेत इथं पाच लाखांवर माणसं होती, 2011च्या जनगणनेत आठ लाखांवर. 2002 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. एवढ्या माणसांना घरं हवीत, म्हणून भराव पडत गेला आणि इमारती उठत गेल्या. पण वरून कितीही लाल माती पसरली तरी खालची जमीन आपला खारा स्वभाव सोडत नाही.

ताईकडून आणखी एक गोष्ट समजली. नगररचनेसाठी केंद्र सरकारनं 2014 साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत शहरात माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी, असं म्हटलं आहे. मी मनातल्या मनात हिशेब केला. आमची खोली दहा बाय दहा फुटांची, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटरच्या आसपास. तीत आम्ही चौघं राहतो. म्हणजे सरकारी हिशेबानं एकेका माणसाच्या वाट्याला आमच्या अख्ख्या घराहून मोठी मोकळी जागा यायला हवी! मी हे आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मग माझ्या वाटची कुठं ठेवलीय, ते विचारून ये.”

एका रविवारी ताईबरोबर मी मुंबईला धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहायला गेले. मिठी नदीच्या काठची ही 37 एकर जागा म्हणजे 1977पर्यंत शहराचा कचरा टाकण्याचं मैदान होतं. 1983 साली तिथलं पहिलं झाड डॉ. सालिम अली यांच्या हातानं लागलं आणि 1994मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. आज आत गेलं की कचऱ्याची आठवणसुद्धा येत नाही. उंच झाडी, पाचोळा, पाखरांचा कलकलाट. हँगिंग गार्डनची तऱ्हा याच्या उलट. ती बाग मलबार हिलच्या जलाशयाच्या छतावर आहे. पायाखाली पाण्याची टाकी, वर मातीचा पातळ थर. तिथं वटवृक्ष कसा वाढणार? म्हणून कातरलेली झुडपं आणि फुलांचे वाफे. म्हणजे बाग आखणारा माणूस वाटतो तितका मोकळा नसतो. खाली काय आहे, हे आधी विचारावं लागतं.

परतीच्या गाडीत ताईनं मला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची गोष्ट सांगितली. 1858 साली त्या बागेच्या आराखड्याची स्पर्धा झाली आणि फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांनी ती जिंकली. शहराचे आडवे रस्ते त्यांनी बागेच्या पातळीखालून नेले, म्हणजे गाड्या वाहत राहतील आणि फिरणाऱ्यांना त्यांचा उपद्रव होणार नाही. या ओल्मस्टेडजवळ कॉलेजची पदवी नव्हती, हे ऐकून मला उगाचच धीर आला! पण गोष्ट इथं संपत नाही. त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. बहुतेक कृष्णवर्णीय लोकांची घरं, चर्चं, शाळा. 1857 साली बागेसाठी ती उठवण्यात आली. पुढं कितीतरी वर्षं लोक समजत राहिले की बाग ओसाड जागेवर झाली.

गोष्ट ऐकली तेव्हा ती दूरची वाटली. पण दोन-तीन दिवसांनी ताईनं तिचा मोठा कागद माझ्यापुढं पसरला आणि ती एकदम जवळ आली. बाग कोण, केव्हा वापरतं, त्याचा एक सुंदर रंगीत तक्ता तिनं केला होता. सकाळी सहा ते अकरा : फिरायला येणारे, वृद्ध मंडळी. संध्याकाळी चार ते नऊ : मुलं, कुटुंबं. आणि अकरा ते चार या रकान्यात पांढऱ्या जागेवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘वापर नाही’.

वापर नसणारच! अकरा वाजता बागेला कुलूप लागतं, ते चारला उघडतं.

माझ्या डोळ्यांपुढं मात्र दुसरंच चित्र आलं. आईचं ताईकडचं काम साडेबाराला आटपतं. पुढच्या घरी तिला तीन वाजता बोलावलेलं असतं. मधल्या वेळात घरी यायचं तर जायचे-यायचे रिक्षाचे पैसे, शिवाय तासभर रस्त्यातच जाणार. म्हणून ती ताईच्याच इमारतीच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांशेजारी, पायरीवर बसून डबा खाते. तिच्यासारख्या आणखी तिघी असतात. कुणी जिना उतरू लागलं की डबा मांडीवर घ्यायचा, पाय आखडायचे आणि वाट द्यायची. ताईसुद्धा रोज त्याच जिन्यानं जाते.

हे तिला सांगायचं कसं? आईचं काम त्या घरी आहे. ताईला ते टोचलं, तिच्या आईला ते लागलं, तर? दोन दिवस मी गप्प राहिले. मग भूगोलाच्या बाईंचं एक वाक्य आठवलं. त्या नेहमी म्हणतात, मत सांगण्याआधी निरीक्षण मांडा. मी वही घेतली आणि एक अख्खी दुपार बागेच्या बंद फाटकासमोर काढली. जो येईल त्याच्या नावाची एक रेघ. एक रिक्षावाला आला, कुलूप पाहून रिक्षातच आडवा झाला. पाठीवर मोठी पिशवी घेतलेला पार्सलवाला मुलगा फाटकाला टेकून वडापाव खाऊन गेला. एक आजोबा आले, पाटी वाचली आणि परतले. शाळा सुटलेल्या दोन मुली कुंपणावरून आत डोकावल्या. नाक्यावर काम न मिळालेले दोन मजूर फाटकाच्या खांबाच्या हातभर सावलीत उकिडवे बसले.

शेवटी मी लिहिलं : ‘काही माणसं या मोजणीत आली नाहीत, कारण ती फाटकाशी येतच नाहीत. कुलूप असतं, हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे. उदाहरणार्थ, जिन्याखाली डबा खाणाऱ्या चार बायका. त्यांतली एक माझी आई.’

वही ताईच्या हातात देताना माझा हात थोडा कापत होता. तिनं ती वाचली. मग पुन्हा वाचली. “आधी का नाही बोललीस?” एवढंच ती म्हणाली. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तिनं पेन्सिल घेतली आणि ‘वापर नाही’ हे शब्द खोडले.

आम्ही दोघी माळीमामांकडे गेलो. दुपारी बाग उघडी ठेवता येणार नाही का? मामा म्हणाले, “पोरींनो, एवढ्या बागेला मी एकटा. मी जेवू कधी, पाठ टेकू कधी? उघडं ठेवलं तर नळाच्या तोट्यासुद्धा जागेवर राहत नाहीत.” तेही खोटं नव्हतं. कुलूप लावणारा माणूस दुष्टच असतो, ही माझी समजूत तिथंच गळून पडली.

मग ताईनं एक युक्ती काढली. रस्त्याच्या बाजूचं कुंपण आठ-दहा फूट आत घ्यायचं. बाहेर राहिलेल्या पट्टीत करंजाची झाडं, झाडांखाली बाकं, टोकाला पाण्याचा नळ. या पट्टीला फाटक नाही, म्हणून कुलूपही नाही. मामांनी खुशाल जेवावं! तो कागद मी एक दिवस घरी आणला आणि आईपुढं अंथरला. तिनं तो बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवून म्हणाली, “हे झाड बाकाच्या ह्या अंगाला कशाला? दुपारी ऊन मावळतीकडनं येतं. झाड मावळतीच्या अंगाला लावा, म्हणजे सावली बाकावर पडंल. दोन वाजले की आमच्या पायरीवर ऊन सरकतं, मला काय ठाऊक नाही व्हय?” ताईनं तसा बदल केला. सात वर्षं शिकणाऱ्या मुलीचा नकाशा माझ्या आईनं दुरुस्त केला, याचा मला झालेला आनंद मी इथं लपवणार नाही.

पुढं काय झालं, असं वाचक विचारतील. काही झालं नाही. तो विद्यार्थिनीचा आराखडा होता. परीक्षकांनी पाहिला, या पट्टीची झाडलोट कोण करणार, असे प्रश्न विचारले, गुण दिले. कागद गुंडाळी होऊन नळीत गेला. बाग होती तशीच आहे. अकराला कुलूप लागतं, चारला उघडतं.

हो, एक झालं. ताईनं आईला सांगितलं, “मावशी, उद्यापासून डबा आमच्याकडेच खात जा, पंख्याखाली.” आई एक दिवस जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर! मी चिडले. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “माणसं चांगली हायेत गं. पण दुसऱ्याच्या घरात बसलं की हात रिकामा ठेवायची लाज वाटते. घास खाल्ला की लगेच उठून काहीतरी पुसावंसं वाटतं. बाकावर तसं नसतं. बाक कुणाचं नसतं.”

सार्वजनिक बागेची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही. कुणाचे उपकार न घेता जिथं बसता येतं, ती जागा. फुलं, कारंजी, हिरवळ हे सगळं नंतर.

मी बागा आखणार नाही. अकरावीला कला शाखा घेतली आणि गणित सुटलं, तेव्हाच ते दार बंद झालं. पण या वर्षीच्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी विषय निवडला आहे : शहरातल्या माणसांच्या दुपारच्या बसण्याच्या जागा. बाईंनी होकार दिला आहे. पहिली नोंद त्या जिन्याखालची आहे, आणि सावली तिथून किती वाजता सरकते, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

(द्वितीय वर्ष, कला)